पावती पक्की की कच्ची?

बाजारपेठेतील एखाद्या जुन्या दुकानात शिरले की गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन पाट्या हमखास दिसतात. एक सांगते, ‘ग्राहक हाच आमचा देव’. तिच्या खालीच दुसरी असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला अगर बदलून दिला जाणार नाही’. देवाला वाहिलेले परत मागू नये हे खरे. पण येथे वाहतो देव आणि ठेवून घेतो भक्त! असो. गमतीचा भाग सोडला तरी ही दुसरी पाटी कायद्यापुढे टिकत नाही, ही गोष्ट दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला सारखीच अपरिचित असते. माल सदोष निघाला तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत, तो परत घेण्यास नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ होय, असे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो. मात्र माल सदोष हवा. घरी नेल्यावर साडीचा रंग वहिनींना आवडला नाही, एवढ्यावर कायदा मदतीला येत नाही. तेथे दुकानदाराचा चांगुलपणाच कामाला येतो.

वाणिज्य शाखेचे आपण विद्यार्थी १९३० च्या मालविक्री कायद्यात एक जुने तत्त्व पाठ करतो: विकत घेणाऱ्याने स्वतः सावध राहावे. विळा घेताना धार पाहता येत होती आणि बैल घेताना दात मोजता येत होते, त्या काळी हे तत्त्व बरे होते. बंद डब्यातील औषधाची किंवा फ्रीजमधील कॉम्प्रेसरची परीक्षा गिऱ्हाइकाने कशी करावी? या अडचणीतूनच आपल्याकडे ग्राहक चळवळ उभी राहिली. मुंबईत १९६६ साली काही गृहिणींनी पुढाकार घेऊन ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची संमती झाली, आणि म्हणूनच २४ डिसेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन. त्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला.

ग्राहक कोणाला म्हणावे याबद्दल बराच गोंधळ दिसतो. मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार चालत नाही आणि पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाबद्दलही नाही. परंतु एखाद्या बाईने स्वतः शिवणकाम करून पोट भरण्यासाठी शिलाई यंत्र घेतले तर ती ग्राहकच ठरते, कारण स्वतःच्या उदरनिर्वाहाच्या धंद्याला कायद्याने सूट दिली आहे. न्यायालयांनीही वेळोवेळी ही व्याख्या रुंद केली. गृहनिर्माण मंडळे १९९३ च्या निकालाने आणि डॉक्टर १९९५ च्या निकालाने या कायद्याखाली आले. वकील मात्र २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बाहेर राहिले. (यावर वकिलांशी वाद घालण्याचे धाडस येथे करीत नाही.) आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे शिक्षण. महाविद्यालयात मिळणारे शिक्षण ही या कायद्याच्या अर्थाने सेवा नव्हे, असे राष्ट्रीय आयोगाने २०२० साली ठरविले. खाजगी कोचिंग क्लासेसना मात्र ही सवलत दिली नाही. म्हणजे स्पर्धापरीक्षेच्या क्लासने जाहिरातीत सांगितलेले वर्ग घेतलेच नाहीत, तर तो विद्यार्थी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो.

हे सगळे हक्क कागदावर चांगले आहेत. ते बजावण्यासाठी मात्र आपल्या हातात एक छोटासा कागद लागतो, आणि तोच बहुतेकांच्या हातात नसतो. तो कागद म्हणजे पावती.

आपल्याकडे पावतीच्या दोन जाती. एक पक्की. दुसरी म्हणजे चौकोनी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेली कच्ची. तिच्यावर फार तर ‘अंदाजपत्रक’ असे छापलेले असते, दुकानाचे नाव नसते, नोंदणी क्रमांक नसतो आणि पुष्कळदा तारीखही नसते. पक्की मागितली की ठरलेले उत्तर येते, “बिल पाहिजे तर अठरा टक्के जास्त पडतील.” हे वाक्य जरा उलगडून पाहू. बंद वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, तेव्हा तिच्यावर पुन्हा कर चढविण्याचा प्रश्नच येत नाही. सुट्या मालावर कर निराळा लागू शकतो. पण तो देय असेल तर बिल फाडले तरी आणि न फाडले तरी देय असतोच. बिल न देता विकणारा आपला कर वाचवीत नसतो, तो स्वतःची विक्री लपवीत असतो, आणि त्या लपविण्यात आपल्याला भागीदार करून घेत असतो. भागीदारीतील नफा त्याचा. माल बिघडला की तोटा आपला. लहान दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही, आणि तसे त्याच्या बिलावर छापलेले असावे लागते. दोनशे रुपयांखालच्या खरेदीवर नोंदणीकृत व्यापाऱ्याने प्रत्येकाला बिल दिले नाही तरी चालते. पण मागितले तर द्यावेच लागते. ग्राहक कायदा तर आणखी पुढे जातो. विक्रीनंतर बिल न देणे हीच मुळी अनुचित व्यापारी प्रथा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मग आपण मागत का नाही? ओळखीचे दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचे संबंध, आणि मागितले तर “आमच्यावर विश्वास नाही होय?” हा प्रश्न. माझ्या मते यातच सारी गोम आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत व्यापाऱ्याने रुजविली आणि आपण ती संस्कार म्हणून जपली. तोच व्यापारी ठोक माल आणताना घाऊक व्यापाऱ्याकडून बिल घेतल्याशिवाय पोते हलवीत नाही.

या संकोचाची किंमत शहरात एखाद्या मिक्सरपुरती असते. खेड्यात ती अख्ख्या हंगामाएवढी होते. आमच्या वर्गातील एका मित्राच्या वडिलांनी चार एकरांसाठी सोयाबीनच्या बियाण्याच्या चार पिशव्या घेतल्या. मृगाचा पाऊस चांगला झाला, पेरणी वेळेवर झाली, आणि उगवण जेमतेम चौथाई. दुकानदार म्हणाला, बी खोल पडले असेल. कंपनीचा माणूस म्हणाला, पाऊस जास्त झाला असेल. पावतीवर लिहिले होते ‘बियाणे, ४ नग’ आणि खाली रक्कम. वाणाचे नाव नाही, लॉट क्रमांक नाही. पिशव्यांची लेबले फाडून टाकलेली, पिशव्या भुईमुगाच्या शेंगा भरायला गेलेल्या. हंगाम कोणासाठी थांबत नाही, म्हणून त्यांनी उसनवारी करून दुबार पेरणी केली आणि पहिल्या पेरणीचा पुरावा नांगराखाली गेला. तक्रार झालीच नाही. ते कर्ज अजून फिटायचे आहे.

वास्तविक अशा प्रकरणी कायदा शेतकऱ्याच्या बाजूने चांगलाच भक्कम आहे. आंध्र प्रदेशातील काही शेतकऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय बियाणे महामंडळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेतकऱ्यांनी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला नाही, शिवाय बियाण्यांसाठी वेगळा कायदा असताना ग्राहक मंचाकडे येता येणार नाही, असे महामंडळाचे म्हणणे होते. २०१२ च्या निकालात न्यायालयाने ते मानले नाही. विकत आणलेले सगळे बी शेतकरी पेरून टाकणार. पुढे खटला होईल म्हणून त्याने मूठभर बी बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा कशी करता येईल, असा त्या निकालाचा आशय आहे. परंतु नमुना नसला तरी बी कोणते, कोणाकडून आणि केव्हा घेतले हे दाखवावे लागतेच. म्हणून वाण व लॉट क्रमांक लिहिलेली पावती, पिशवीवरील लेबल आणि प्रमाणित बियाण्याला असलेली निळी खूणचिठ्ठी या तीन गोष्टी पीक घरी येईपर्यंत ठेवाव्यात. उगवण कमी दिसली की लगेच रयत संपर्क केंद्रात लेखी अर्ज देऊन पाहणी मागावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि दुबार पेरणी करावीच लागली तर निदान शेताची एक पट्टी तशीच सोडावी. आपल्यापैकी निम्मे विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे. हे घरी सांगायला फार वेळ लागणार नाही.

वजनमापाच्या बाबतीत मागायचे हक्क लहान असले तरी रोजचे आहेत. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. शंका आली तर त्यात मोजून दाखवा म्हणता येते. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असावा लागतो, रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर कोरलेले असते, आणि दारात वजन करून मागणे हा आपला अधिकार आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे गुन्हा असला तरी एक अपवाद ध्यानात ठेवावा. हॉटेलात बसून पाण्याची बाटली घेतली तर जास्त दर लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. तेथे आपण नुसते पाणी नव्हे, टेबलखुर्ची व सेवाही घेतो. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ परस्पर मिळविणे मात्र २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांना धरून नाही, आणि त्या सूचना मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उचलून धरल्या.

मोबाइलवरून खरेदी करणाऱ्या मित्रांना पावतीची चिंता नसते, ती आपोआप येते. तेथील फसवणूक वेगळ्या जातीची. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेला विमा, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा. अशा तेरा युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बंदी घातली आहे. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकालात काढली पाहिजे, असा नियम आहे.

तक्रार करायची म्हणजे काय करायचे? प्रथम विक्रेत्याला साध्या भाषेत पत्र लिहावे: काय घेतले, केव्हा, किती रुपयांना, काय बिघडले, आपल्याला काय हवे. ते स्पीड पोस्टाने पाठवून प्रत ठेवावी. त्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असला तर प्रकरण जिल्ह्यातच चालते, पाच लाखांपर्यंत एक रुपयाही फी नाही, वकील देण्याची सक्ती नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते. आम्हा सीमाभागातल्या लोकांना सर्वांत उपयोगी बदल निराळाच आहे. लग्नाचा बस्ता कोल्हापुरात आणि फर्निचर पुण्याहून आणणारी घरे बेळगावात कमी नाहीत. जुन्या कायद्यात विक्रेता जेथे, किंवा व्यवहार घडला जेथे, तेथेच तक्रार करावी लागे; पाच हजारांच्या वस्तूसाठी पुण्याच्या फेऱ्या कोण घालणार? नव्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही तक्रार दाखल करण्याची सोय केली. आता पुण्याच्या दुकानदाराला बेळगावच्या आयोगापुढे यावे लागते. विलंबाचे दुखणे मात्र गेलेले नाही. कायदा तीन महिन्यांत, आणि माल तपासणीला पाठवावा लागला तर पाच महिन्यांत निकाल व्हावा म्हणतो. तारखांवर तारखा पडून त्याला वर्षे लागतात. अशा वेळी पहिल्या दिवसापासून कागदपत्र पुरे असणारा तग धरतो.

आणखी एक गोष्ट, आपल्या या द्विभाषी अंकात तरी सांगितलीच पाहिजे. मराठीत ‘ग्राहक’ आणि कन्नडमध्येही ‘ग्राहक’. येथे गिऱ्हाईक, तेथे गिराकी. शब्द एकच आहे आणि अडचणही एकच. बंद वेष्टनावरील मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असला म्हणजे नियमाचे समाधान होते. प्रादेशिक भाषा जादा छापण्यास मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे मराठी वाचणारी आजी कुठे हिंदी मजकूर छापलेला असला तर अक्षरे जुळवून मुदतीची तारीख कशीबशी लावते; कन्नडखेरीज लिपी न येणाऱ्या शेजारच्या अज्जीला तेवढाही आधार नाही. याबाबत नियम बदलून घेण्याची मागणी दोन्ही भाषांच्या लोकांनी मिळून करण्यासारखी आहे. तोपर्यंत कानावर विसंबावे लागेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तेथे सतरा भाषांत बोलता येते, त्यांत मराठी आहे आणि कन्नडही. राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत हा फोन चालू असतो. बोलताना पावतीचा क्रमांक, तारीख आणि रक्कम समोर ठेवावी.