नर्सचे सामाजिक स्वास्थ्य : पहिल्या ड्युटीपासून निवृत्तीपर्यंत

बारावीनंतर मुलीला नर्सिंगला घालायचे, तीन-चार वर्षांत ती पायावर उभी राहील आणि घरालाही हातभार लावेल, हा विचार आपल्या अनेक वस्त्यांमध्ये रुजलेला आहे. जीएनएमला तीन वर्षे, बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे. या शिक्षणाने कितीतरी कुटुंबांतली पहिली पगारदार मुलगी घडवली. मात्र नोकरी लागल्यावर समाज तिला दोनच प्रश्न विचारतो : पगार किती आणि कायम झालीस का? कामाच्या ठिकाणी तिला मान मिळतो का, अडचणीत कोणाचा आधार आहे का, घर आणि वस्ती तिच्यापासून तुटत चालली आहे का, हे विचारायचे राहूनच जाते. हेच प्रश्न सामाजिक स्वास्थ्याचे आहेत. नोकरीच्या प्रत्येक टप्प्यावर ते वेगळ्या कारणाने बिघडते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर मदतही वेगळी लागते.

सामाजिक स्वास्थ्य म्हणजे काय?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी १९९८ मध्ये सामाजिक स्वास्थ्याचे पाच भाग सांगितले. सोप्या भाषेत ते असे : मी या समाजाचा भाग आहे असे वाटणे; इतर माणसांवर विश्वास ठेवता येणे; माझ्या कामाचा समाजाला उपयोग होतो ही जाणीव; समाज पुढे जाईल ही आशा; आणि आपल्याभोवती काय चालले आहे ते समजणे. माणूस आजारी नसला, पगारही वेळेवर येत असला, तरी हे पाच धागे तुटलेले असू शकतात. नर्सच्या बाबतीत ते कुठे तुटतात ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा : शिक्षण आणि सुरुवातीची वर्षे

गावातून किंवा लहान शहरातून आलेली मुलगी हॉस्टेलवर राहते, वॉर्डात शिकते आणि लगेच कामाला लागते. वॉर्डाची उतरंड कडक असते. डॉक्टर, मेट्रन, इन्चार्ज सिस्टर आणि सीनियर यांच्या खाली ती असते. चूक झाली तर सर्वांसमोर बोलणी खावी लागतात. त्यात आडनाव विचारणे, ‘कोट्यातून आलीस का’ असे टोमणे, जेवणाच्या टेबलावरचे गट हे अनुभव आपल्या मुलींना नवे नाहीत. आपण इथल्या आहोत ही भावना इथेच पहिल्यांदा दुखावते.

खासगी रुग्णालयांत पगाराचा प्रश्न मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. तिने खाटांच्या संख्येनुसार शिफारस केली : २०० पेक्षा जास्त खाटा असल्यास सरकारी नर्सइतका पगार, १०० पेक्षा जास्त असल्यास १० टक्क्यांपेक्षा कमी फरक नको असे नव्हे, तर फरक १० टक्क्यांच्या आतच हवा, ५० ते १०० खाटांसाठी तो २५ टक्क्यांच्या आत हवा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २०,००० रुपये. मात्र ही शिफारस अमलात आणणे राज्यांवर सोडले गेले, म्हणून अनेक ठिकाणी ती कागदावरच आहे. नव्या मुलीला हे आकडे माहीत असणे हीच पहिली ताकद आहे. मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या ताब्यात देऊन ठेवू नयेत, नेमणूकपत्र लेखी घ्यावे आणि त्याची प्रत घरी ठेवावी.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच वयात सर्वांत टोकदार असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली ४१ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. घटनेच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा परिचारिकांनीही त्यांची शुश्रूषा केली. एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवलेली ही जबाबदारी म्हणजे सहकाऱ्यांच्या आधाराचे मोठे उदाहरण आहे. पण सुरक्षितता केवळ सहकाऱ्यांच्या मायेवर सोडता येत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. आपल्या रुग्णालयात ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे रुजू होतानाच विचारावे.

दुसरा टप्पा : संसार आणि नाइट ड्युटी

तिशीच्या आसपास कामात हात बसतो, वॉर्डात मान मिळू लागतो. आता ताण येतो तो वेळेचा. तीन पाळ्यांत फिरणाऱ्या बाईचे दिवस इतरांच्या दिवसांशी जुळत नाहीत. लग्न, बारसे, मुलाच्या शाळेची सभा चुकते. १४ एप्रिलला वस्तीत मिरवणूक निघते तेव्हा तिची ड्युटी असते. चार-पाच वेळा आली नाही की लोक बोलावणेच बंद करतात. रात्री घराबाहेर असते म्हणून शेजारी कुजबुजतात. आणि तीच माणसे बीपी तपासायला, इंजेक्शन घ्यायला किंवा सरकारी दवाखान्यात ओळख काढायला तिच्याकडे येतात. तिचा उपयोग सर्वांना हवा असतो, पण तिची झोप कोणाच्या हिशेबात नसते.

रात्रपाळी शरीरालाही महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. त्यात माणसे अपुरी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. सरकारी रुग्णालयात कधी नातेवाइकासोबत रात्र काढली असेल, तर प्रत्यक्षात किती खाटांमागे एक सिस्टर धावत होती ते आठवून पाहा.

मातृत्वाचा हक्कही याच टप्प्यावर लागतो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी मांडणी केली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. ‘तू कंत्राटी आहेस, तुला रजा नाही’ हे उत्तर खरे मानू नये. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की हक्क लागू होतो. कंत्राटाची मुदत संपली तरी हा लाभ तोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सांगितले आहे.

तिसरा टप्पा : ज्येष्ठता आणि निवृत्ती

अधिपरिचारिका, परिसेविका, मग अधिसेविका अशी सरकारी सेवेतली चढती पायरी आहे. पण वरची पदे मोजकी, म्हणून अनेकींची उमेद बढतीची वाट पाहण्यातच जाते. पन्नाशीत गुडघे आणि कंबर बोलू लागतात, घरी म्हाताऱ्या आईवडिलांचे करायचे असते, आणि वॉर्डात कमी माणसांत काम निभावून नेल्याबद्दल वरून-खालून दोन्हीकडून बोलणी बसतात. अनुभव सर्वांत जास्त, पण निर्णयाच्या बैठकीत खुर्ची नाही. समाज पुढे जाईल ही आशा अशाने विझते.

पुढच्या आयुष्याची चिंताही सर्वांची सारखी नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन आहे. नंतर आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाली. कंत्राटी नर्सला तर यातले काहीच नाही. एकाच वॉर्डात एकच काम करणाऱ्या तिघींचे भविष्य तीन प्रकारचे असते. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्यामागे हीच भीती होती. निवृत्तीनंतर आणखी एक पोकळी जाणवते. तीस वर्षे पाळ्यांत गेल्यामुळे वॉर्डाबाहेर मैत्री फारशी जमलेलीच नसते.

आपण काय करू शकतो?

पहिल्या टप्प्यातील मुलीला माहिती आणि मोठी बहीण हवी असते. शहरातील बौद्ध नर्सेसनी आणि ब्रदर्सनी नव्याने आलेल्या विद्यार्थिनींसाठी एक संपर्क गट करावा. नेमणूकपत्र वाचून देणे, तक्रार लिहून देणे ही कामे तिथे होतील. दुसऱ्या टप्प्यात वेळ हवा असतो. विहारात कार्यक्रम ठरवताना पाळीच्या नोकरीतल्या बायकांना कोणती वेळ जमते ते आधी विचारा, नाइटहून आलेल्या सुनेला झोपू द्या, मुलांचा अभ्यास वस्तीतल्या तरुणांनी घ्या. तिसऱ्या टप्प्यात ऐकून घेणे हवे असते. निवृत्त सिस्टरला सत्काराची शाल देऊन घरी पाठवण्याऐवजी तिच्याकडे वस्तीच्या आरोग्य समितीचे काम सोपवा.

आणि तिन्ही टप्प्यांत संघटना हवी. कायम आणि कंत्राटी नर्स वेगवेगळ्या उभ्या राहिल्या, तर दोघीही हरतात. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यापासून सुरुवात करावी : ग्रामीण रुग्णालयात नर्सची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, हे माहिती अधिकारात मागवावे. उत्तर हाती आले की मागणी कोणाकडे आणि किती पदांची करायची, ते स्पष्ट होईल.