सगळं मावतं, पण दिसतं का?

लोणारच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा गळ्यात भाड्याने आणलेली १४ मिमीची लेन्स होती. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आत साधारण १.२ किलोमीटरचं तळं. एवढं अफाट दृश्य, तर लेन्सही तेवढीच वाइड हवी, असा सरळ हिशोब. घरी येऊन फोटो मोठे करून बघितले. निम्मं आभाळ, खाली पायाशी सुकलेलं गवत, आणि मध्ये बशीत उरलेल्या चहासारखं चपटं तळं. समोरचा उतार, जो तिथे उभं असताना भिंतीसारखा अंगावर आला होता, तो फोटोत जाडसर रेघ होऊन बसला होता.

नंतर कागदावर आकडेमोड केली. तळं काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. पलीकडच्या किनाऱ्यापासून वरच्या काठापर्यंतचा तो उतार १४ मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर उमटतो जेमतेम सव्वा मिमी, आणि फुल फ्रेम सेन्सरची उंची आहे २४ मिमी. तोच उतार ८५ मिमीने टिपला असता तर जवळपास आठ मिमी, म्हणजे फ्रेमचा एक तृतीयांश. भाड्याचे पैसे वाया गेले नाहीत, एवढंच म्हणतो, शिकवणी लागली.

<b>“जितकी वाइड तितकी लँडस्केपला चांगली”</b>

हा सगळ्यात चिवट गैरसमज, आणि बाकीचे बरेचसे याच्याच पोटातून निघतात. वाइड लेन्स दृश्य ‘मावावं’ म्हणून घ्यायची, असं आपण धरून चालतो. मावतं खरं, पण त्याची किंमत दूरचं सगळं बारीक होऊन मोजावी लागते. या लेन्सची ताकद उलट टोकाला आहे. जे अगदी जवळ आहे ते ती भलंमोठं करते. पायाशी पाण्याचं डबकं, शेवाळलेला कातळ, तटबंदीचा ढासळलेला चिरा असं काहीतरी हातभर अंतरावर असेल, तर नजर तिथून सुरू होऊन मागच्या डोंगरापर्यंत जाते. जवळ काहीच नसेल तर वाइड फोटोचा खालचा अर्धा भाग नुसता मोकळा पडतो.

म्हणून जागा बघून लेन्स ठरते. सांदण दरीत दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की मागे सरकायला वावच नसतो. तिथे १६ मिमीला पर्याय नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरही, कारण त्या अर्धगोल कड्याचा एक हात थेट तुमच्या पायाखालून सुरू होतो. (इथे एक सांगायलाच हवं. वाइड लेन्स लावून व्ह्यूफाइंडरमधून बघितलं की कड्याची कडा आहे त्यापेक्षा लांब वाटते आणि पाऊल आपोआप पुढे पडतं. कॅमेरा खाली घ्यायचा, मग चालायचं.)

कास पठारावर मात्र गणित फिरतं. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं यांचे गालिचे बघून वाटतं, आता वाइड. पण वाइडमध्ये फूल मोठं दिसायला लेन्स फुलापासून वीतभर अंतरावर न्यावी लागते, आणि तिथे वाट सोडून आत शिरणं म्हणजे तीच फुलं तुडवणं. वाटेवर उभं राहून १०० किंवा २०० मिमीने टिपलं की गालिचा दाटही दिसतो, कारण मागच्या ओळी पुढच्या ओळींवर चढल्यासारख्या वाटतात.

आणि लोणारचं काय? काठावर उभं राहिलं की विवराचे दोन्ही हात आपल्या डाव्या-उजव्या खांद्यापासून निघतात, म्हणजे अख्खं वर्तुळ बघायला १८० अंश लागतात. १४ मिमीची लेन्स आडव्या फ्रेममध्ये १०४ अंश बघते. थोडक्यात, सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या कुठल्याच लेन्समध्ये ते मावणार नाही, कितीही पैसे टाका. ३५ मिमीची लेन्स, कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढेल असे सात फोटो, आणि घरी त्यांचा पॅनोरमा. साधी किट लेन्सही हे काम करते, आणि समोरचा उतार उतारासारखाच दिसतो.

<b>“वाइड लेन्स डोंगर मागे ढकलते”</b>

लेन्स काहीच ढकलत नाही. एकाच जागी उभं राहून १६ आणि ५० मिमीने फोटो काढा, १६ च्या फोटोचा मधला भाग कापून मोठा करा. डोंगर, झाड, देऊळ यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण दोन्हींत तंतोतंत सारखं निघेल. प्रमाण बदलतं ते आपण पुढे-मागे सरकल्यावर, आणि वाइड लावली की आपण नकळत पुढे सरकतो. देवळाचा कळस मागे पडल्यासारखा दिसतो, तो कॅमेरा वर उचलल्यामुळे. कॅमेरा समपातळीत धरला तर खांब सरळ उभे राहतात, फक्त खालची फरशी जास्त येते. ती नंतर कापता येते.

<b>“माझी लेन्स डीएक्सचीच आहे, मग १८ म्हणजे १८”</b>

लेन्सवर लिहिलेली फोकल लेन्थ ही नेहमी खरी फोकल लेन्थ असते, लेन्स कुठल्याही सेन्सरसाठी बनवलेली असो. दृश्य किती रुंद दिसेल ते सेन्सर ठरवतो. निकॉन (त्यांचं डीएक्स), सोनी, फुजीच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १.५ ने गुणायचं, कॅननच्या क्रॉपवर १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने. म्हणजे १८-५५ ची किट लेन्स १८ वर असताना फुल फ्रेमच्या २७ ते २९ मिमीइतकंच दृश्य दाखवते. फुल फ्रेमच्या १६ चं दृश्य क्रॉपवर हवं असेल तर १० मिमी लागते. कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२० त्यासाठीच आहेत, आणि दोन्ही हलक्या, तुलनेने स्वस्त. दुकानात फुल फ्रेमची १६-३५ क्रॉप बॉडीसाठी ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून गळ्यात मारली जाते. क्रॉपवर ती २४ पासून पुढेच सुरू होते, म्हणजे किट लेन्सपेक्षा थोडीशीच रुंद.

<b>“छिद्र जितकं बारीक तितका फोटो शार्प”</b>

ट्रायपॉड लावला की बोट सवयीने एफ/२२ कडे जातं. या सवयीमागे एक जुनी पुण्याई आहे. १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकार मंडळींनी कॅलिफोर्नियात आपल्या गटाचं नावच ‘ग्रुप एफ/६४’ ठेवलं, म्हणजे जवळपास सगळ्यात बारीक छिद्र, पायापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. पण त्यांच्यातले बरेच जण ८ बाय १० इंचाच्या फिल्मवर काम करत. तिचा कर्ण आपल्या फुल फ्रेम सेन्सरच्या साडेसात पट. त्या हिशोबाने त्यांचं एफ/६४ म्हणजे आपलं एफ/८ च्या आसपास!

त्यापुढे छिद्र बारीक करत गेलं की प्रकाशाच्या लाटा कडेशी वळतात आणि बिंदूचा ठिपका होतो. एफ/८ ला हा ठिपका साधारण ११ मायक्रॉनचा, एफ/२२ ला सुमारे ३० चा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर एक पिक्सेल जेमतेम ६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे एक बिंदू पाच पिक्सेल रुंद पसरतो. वाइडला एवढं बारीक जायची गरजही नसते. जुन्या कोष्टकांप्रमाणे २० मिमी, एफ/११, फोकस सव्वा मीटरवर ठेवला की दोन फुटांपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट मिळतं.

अ‍ॅडम्सचाच विषय निघालाय तर आणखी एक. ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा त्याचा १९४१ मधला गाजलेला फोटो: न्यू मेक्सिकोतलं गाव, थडग्यांचे क्रूस, वर चंद्र. लेन्स होती २३ इंची. आपल्या मापात ती जवळपास ८० मिमीची होते. चंद्र आकाशात अर्धा अंशच व्यापतो. १६ मिमीने काढला तर सेन्सरवर तो ०.१५ मिमीचा ठिपका असतो. तो क्षण आपल्यापैकी कोणी १६ मिमीने टिपला असता, तर गाव शोधायलाही भिंग लागलं असतं.

<b>“एफ/२.८ नसेल तर ती खरी लेन्स नाही”</b>

दिवसाच्या लँडस्केपला आपण एफ/८-११ वर असतो, मग २.८ चे पैसे आणि वजन कशासाठी? कॅननच्या जुन्या ईएफ मालिकेत १६-३५ एफ/४ चं वजन ६१५ ग्रॅम, २.८ च्या तिसऱ्या आवृत्तीचं ७९० ग्रॅम. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना हा फरक खांदा सांगतो. आकाशगंगा किंवा पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडचे काजवे टिपायचे असतील तर मात्र २.८ हवीच, कारण एफ/४ पेक्षा दुप्पट प्रकाश आत येतो.

काच बाहेर फुगलेल्या अतिवाइड लेन्सचा विचार करत असाल तर पावसाळा आठवा. त्यातल्या बऱ्याच लेन्सना साधा फिल्टर बसत नाही. घाटातल्या धुक्यात काच दर मिनिटाला पुसावी लागते, आणि वाइडमध्ये, त्यातही एफ/११ वर, एकेक थेंब आकाशात डाग होऊन बसतो. पोलरायझर बसला तरी १६ मिमीवर जपून. सूर्यापासून काटकोनातलं आकाशच तो जास्त गडद करतो, त्यामुळे मधोमध निळाशार पट्टा आणि दोन्ही कडा फिकट. ओल्या पानांवरची चमक घालवायला तो उत्तम, निळ्या आभाळाच्या लोभाने नको.

विकत घेण्याआधी एक फुकटची चाचणी करा. बऱ्याच मोबाइलमधलं ०.५ चं बटण साधारण १३ मिमीइतकं दृश्य दाखवतं. एक रविवार फक्त त्यावर काढा, आणि संध्याकाळी बघा, किती फोटोंमध्ये जवळ काही धरण्यासारखं सापडलं. मग जुने फोटो संगणकावर फोकल लेन्थप्रमाणे लावा. मी लावले तेव्हा सह्याद्रीतले ठेवण्यासारखे फोटो बहुतेक २४ ते ३५ च्या दरम्यानचे निघाले, आणि उरलेले थेट ७० च्या पुढचे. १४ चा एकच होता, कोकणकड्यावरचा. मी २० मिमीची छोटी प्राइम घेतली. १४ लागलीच तर भाड्याने मिळते.