माहेरचे बाळंतपण : तयारी कळांची आणि सव्वा महिन्याची

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि पहिलटकरीण माहेरी येते. मग घरात एकच लगबग सुरू होते. डिंक, अळीव, बाळंतशेपा यांची यादी निघते, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली जातात, बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाईंना सांगून ठेवले जाते. ही तयारी मायेची असते आणि बरीचशी उपयोगाचीही. प्रत्यक्ष प्रसूतीचा भाग मात्र बहुतेक घरांत ‘डॉक्टर बघतील’ एवढ्यावर सोपविलेला असतो.

अडचण अशी, की माहेरचे डॉक्टर तिला प्रथमच पाहत असतात. आधीच्या सर्व तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात. म्हणून बॅगेत साड्यांच्या आधी फाईल जायला हवी. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब व साखरेच्या नोंदी, सोनोग्राफीचे अहवाल, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा हे सारे नव्या डॉक्टरांच्या हाती वेळेवर पडले पाहिजे. मातेचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते कळा सुरू झाल्यावर शोधत बसण्याची गोष्ट नव्हे. माहेरी येताच डॉक्टरांची भेट घेऊन चार प्रश्न विचारावेत. कळांच्या काळात चालू-फिरू देतात का? जवळचे कोणी आत थांबू शकते का? रात्री-अपरात्री रक्ताची सोय कोठून होते? बाळाचे डॉक्टर किती वेळात येऊ शकतात? नीट उत्तरे देणारे डॉक्टर भेटले, तर भीतीचा निम्मा भार तेथेच उतरतो.

नैसर्गिक प्रसूतीविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. त्याला कारणही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरातील २१.५ प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. लोकसंख्येचा एकत्रित विचार करता सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांपलीकडे गेल्यावर माता-बालमृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले आहे. दोष केवळ डॉक्टरांचा मानण्याचे कारण नाही. पंचांगातील मुहूर्त काढून शस्त्रक्रियेची वेळ मागणारी आणि कळा लांबल्या की ‘एकदाचे सोडवा’ म्हणणारी मंडळी घरातलीच असतात. मात्र बाळाचे ठोके मंदावले, वार गर्भाशयाच्या तोंडावर असली किंवा बाळ आडवे असले, तर सिझेरियनच जीव वाचविते. तेथे नैसर्गिक प्रसूतीचा हट्ट धरणे घातक होय.

भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढतात आणि वाढत्या वेदनांनी पुन्हा भीती वाढते. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये मांडलेला हा विचार आजच्या प्रसूतीपूर्व वर्गांच्या मुळाशी आहे. संथ श्वास, ढिले सोडलेले खांदे, दोन कळांमधील विश्रांती यांचा सराव शेवटचे दोन महिने रोज केला, तरच तो ऐन वेळी आठवतो. पोटात नुसते दुखून थांबणाऱ्या खोट्या कळा आणि ठराविक अंतराने येणाऱ्या, वाढत जाणाऱ्या खऱ्या कळा यांतील फरकही आधीच समजून घ्यावा. गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ पहिलटकरणीत बराच लांबू शकतो. त्यापुढचा टप्पाही १२ तासांपर्यंत चालणे अस्वाभाविक नाही. हे ठाऊक असलेले घर उगाच धीर सोडत नाही. परंतु अंगावरून रक्त जाणे, पाणी हिरवट असणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले, तर कळांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सोबत कोण असावे, हेही आधी ठरलेले बरे. सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी जवळच्या स्त्री नातेवाइकास थांबू देण्याची मुभा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये दिली. आई, बहीण, वहिनी कोणीही चालेल. मात्र तिने रडू नये, पाठ चोळावी, घोटभर पाणी द्यावे आणि स्वतःच्या बाळंतपणाच्या कथा मागाहून सांगाव्यात!

बाळ जन्मल्यानंतरचा पहिला तास मोलाचा असतो. त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि त्या तासातच पाजावे. पहिले पिवळसर, दाट चिकाचे दूध टाकून देण्याची चूक अजूनही घडते. वस्तुतः रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. वरील पाहणीत जन्मानंतर तासाभरात दूध मिळालेली बालके शंभरांत ४२ सुद्धा नव्हती. मध चाटविणे तर कटाक्षाने टाळावे, कारण मधातून होणारी एक विषबाधा वर्षाच्या आतील बाळाला जीवघेणी ठरू शकते. साखरपाणी, गुटी, साधे पाणी यांचीही पहिले सहा महिने गरज नसते. पहिली अंघोळ किमान २४ तासांनंतर घालावी.

पुढचा सव्वा महिना हे आपल्या परंपरेचे मोठे देणे. बाळंतिणीने काम करू नये, तिला आयते गरम जेवण मिळावे, ही सोय फार शहाणपणाची आहे. तथापि, दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे आणि बाळाला धुरी देणे थांबायला हवे, कारण कोळशातून निघणारा वायू वास न येता गुदमरवितो. ‘पाणी कमी पी’ हा सल्लाही चुकीचा आहे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तहान जास्त लागते आणि तिने पाणी भरपूर प्यावे. तूप-डिंकाच्या लाडवासोबत भाजी, वरण, फळे हवीतच. बाळाची मालिश हलक्या हाताने करावी, नाका-कानांत तेल घालू नये, स्तन पिळू नयेत, नाळेवर काहीही न लावता ती कोरडी ठेवावी. काजळही नको.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. ‘दूध आले नाही’ म्हणून घाईने डबा आणणारी घरे याच हिशेबाकडे दुर्लक्ष करतात. याउलट, पहिल्या २४ तासांत दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ, दूध ओढणे बंद होणे, अंग थंड वा तापलेले असणे, छाती आत खेचत जलद श्वास घेणे ही धोक्याची लक्षणे होत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळांची अशी काळजी घरीच घेण्यास शिकविले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताईंच्या घरभेटींची राष्ट्रीय योजना याच अनुभवावर उभी आहे. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अशा सहा भेटी अपेक्षित असतात. माहेरी आलेल्या लेकीचे नाव गावच्या आशाताईंकडे नोंदवून ठेवावे, म्हणजे ती यादीतून निसटत नाही.

बाळंतिणीच्या मनाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला विनाकारण रडू येते, ते बहुधा आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही उदासी कायम असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, झोपच येत नसेल, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे न्यावे. ‘आम्ही नाही का चार बाळंतपणे काढली?’ असे तिला ऐकवू नये.

सव्वा महिना सरतो त्याच सुमारास, सहाव्या आठवड्यात, बाळाच्या लसी आणि मातेची तपासणी येते. ती उरकूनच सासरी निघावे, आणि परतीच्या सामानात पाळण्याबरोबर फाईल व लसीकरणाचे कार्ड आठवणीने ठेवावे.