लिटल रॉकचं हरवलेलं वर्ष

सप्टेंबर १९५७. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या राजधानीत, लिटल रॉकमध्ये, नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना सेंट्रल हायस्कूलमध्ये नेऊन बसवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावं लागलं. हा प्रसंग अनेकांनी वाचलेला असतो. मला त्यानंतरचं वर्ष अधिक बोलकं वाटतं. त्या वर्षी रस्त्यावर सैनिक नव्हते आणि शाळांचं काय करायचं हे मतपेटीत ठरत होतं.

लिटल रॉकच्या शाळा महापालिका चालवत नाही. त्यासाठी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ ही वेगळी स्थानिक संस्था आहे. तिचं मंडळ मतदार निवडून देतात, मालमत्ता कराचा वाटा तिच्याकडे जातो, अधीक्षक आणि शिक्षक तीच नेमते. शाळांतली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य असल्याचा निकाल १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्यावर अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी टप्प्याटप्प्याची योजना आखली. तिच्यात एक मेख होती. पश्चिमेकडच्या सुखवस्तू गोऱ्या वस्तीसाठी हॉल हायस्कूल १९५७ सालीच उघडलं, पण एकत्र शिक्षणाची सुरुवात झाली ती कामगारवर्गातल्या गोऱ्यांची मुलं जात त्या सेंट्रलमध्ये. झळ फक्त आपल्यालाच, ही भावना तिथे पेटायला वेळ लागला नाही. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी तिचा पुरेपूर वापर केला.

मे १९५८ मध्ये नवांपैकी अर्नेस्ट ग्रीन शालेय शिक्षण पूर्ण करून सेंट्रलमधून बाहेर पडला. पुढचं सत्र मात्र भरलंच नाही. १२ सप्टेंबरला फॉबस यांनी नव्या कायद्यावर सही करून शहरातली चारही सरकारी हायस्कूलं बंद केली. २७ तारखेला मतदान झालं. मत द्यायला तेव्हा पोल टॅक्स भरावा लागे. एकत्र शाळांच्या विरोधात १९,४७० मतं पडली, बाजूने ७,५६१. एकूण ३,६६५ विद्यार्थ्यांपुढे शाळेचं दार बंद झालं. करारबद्ध शिक्षक रिकाम्या वर्गांत हजेरी लावत राहिले. फुटबॉलचे सामने तेवढे चालू राहिले! बहुतेक गोऱ्या मुलांची सोय खासगी शाळांत किंवा परगावच्या नातेवाइकांकडे झाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांचं शिक्षण तिथेच तुटलं. म्हणून ते ‘हरवलेलं वर्ष’.

शाळा उघडण्यासाठी पहिली संघटना उभी केली ती बायकांनी. पंचाहत्तरीच्या अ‍ॅडॉल्फिन टेरी यांच्या घरी तिची सुरुवात झाली. नवऱ्याची नोकरी, धंदा धोक्यात येऊ नये म्हणून सभासदांची यादी गुप्त ठेवलेली असे. त्यात सुरुवातीला फक्त गोऱ्या स्त्रिया होत्या, हेही सांगायला हवं. ज्यांच्या मुलांचं सर्वाधिक नुकसान होत होतं, त्या घरांतल्या बायकांना तिथे जागा नव्हती. तरीही संघटनेच्या सभासद दारोदार फिरल्या आणि मतदारयाद्या पिंजून त्यांनी माणसं जोडली.

मे १९५९ मध्ये सहा जणांच्या मंडळाची बैठक चिघळली. गणसंख्या मोडावी म्हणून तीन मवाळ सदस्य उठून गेले. मागे उरलेल्या तिघांनी ४४ शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. एकत्र शाळांना अनुकूल असल्याचा संशय, एवढाच त्यांचा गुन्हा. इथे शहर हललं. न्यायालयाचा निकाल दूरच्या वॉशिंग्टनचा होता. हे शिक्षक मात्र गल्लीतले, आपल्या मुलांना शिकवलेले. महिनाअखेरीस झालेल्या मतदानात मतदारांनी त्या तिन्ही सदस्यांना पदावरून काढलं आणि मवाळ तिघांना राखलं. फरक थोडा होता, पण पुरला. जूनमध्ये न्यायालयाने शाळाबंदीचा कायदा रद्द केला आणि ऑगस्टमध्ये हायस्कूलं उघडली.

वर्णभेदाचे खटले पुढे अनेक दशकं चालले. जानेवारी २०१५ मध्ये ४८ पैकी सहा शाळांचे निकाल खालावल्याचं कारण देऊन राज्याच्या शिक्षण मंडळाने पाच विरुद्ध चार मतांनी हा डिस्ट्रिक्ट ताब्यात घेतला आणि निवडून आलेलं मंडळ बरखास्त केलं. सहा शाळांसाठी सगळ्या शहराचा अधिकार काढून घेणं मला पटत नाही. नवं मंडळ निवडायची संधी थेट नोव्हेंबर २०२० मध्ये मिळाली. तोवर जवळपास सहा वर्षं, मंडळ निवडून शाळांविषयीचा राग वा पसंती मतपेटीत टाकण्याची सोय लिटल रॉकच्या पालकांना नव्हती.