रोलचा कॅमेरा: आधी माउंट, मग मॉडेल

पनवेल, नेरूळ, वाशीकडून येणारी हार्बर लोकल सीएसएमटीला थांबते. तिथून दादाभाई नौरोजी रस्ता ओलांडला की फोर्टातला बोरा बाजार लागतो. जुन्या कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती या भागात वर्षानुवर्षं चालत आली आहे. नवी मुंबईत राहून रोलवर फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. ऑनलाइन जाहिरातीतले फोटो बघून मागवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा हातात घेऊन, शटर वाजवून, लेन्समधून टॉर्च मारून घेतलेला कॅमेरा शेवटी स्वस्तच पडतो. सुरुवातीला चार पैसे जास्त गेले तरीही.

रोलचा एसएलआर घ्यायचा ठरवलं की बहुतेक तरुण विचारतात, ‘कुठलं मॉडेल घेऊ?’ माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न माउंटचा, म्हणजे लेन्स जिथे बॉडीला बसते त्या कडीचा. दुसरा, बिघडल्यावर तो उघडणारा माणूस आपल्या आवाक्यात आहे का हा. या दोन्हींची उत्तरं मिळाली की मॉडेल आपोआप ठरतं.

मिनोल्टाने १९८५ साली ७००० हा ऑटोफोकस एसएलआर बाजारात आणला आणि हाताने फोकस करण्याचं युग ओसरू लागलं. परवडणारे मॅन्युअल फोकस कॅमेरे प्रामुख्याने त्याच्या आधीच्या पंचवीसेक वर्षांतले आहेत, म्हणजे आज त्यांचं वय साधारण चाळीस ते पासष्ट. या वयात ते चांगले चालतात, पण त्यांना देखभाल लागते. शिवाय बहुतेक कंपन्यांची कडी वेगळी. एकदा एक कडी घेतली की पुढच्या सगळ्या लेन्स तिच्याच घ्याव्या लागतात, म्हणून हा निर्णय बॉडीपेक्षा मोठा आहे.

निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला आणि तोच पुढे डिजिटल एसएलआरपर्यंत चालवला. याचा थेट फायदा आपल्याकडच्या घरांत दिसतो. दादाने किंवा मामाने पूर्वी डिजिटल निकॉनसाठी ५० मिमी १.८ डी ही लेन्स घेतली असेल, तर ती एफएम-१० सारख्या रोलच्या बॉडीवर हाताने फोकस करून बिनदिक्कत वापरता येते, कारण तिच्यावर अ‍ॅपर्चरची रिंग आहे. अलीकडच्या ‘जी’ प्रकारच्या लेन्सवर ही रिंगच नसते. ती बॉडीवर बसेल, पण अ‍ॅपर्चर सगळ्यात लहान छिद्रावर अडकून राहील. त्यामुळे डिजिटल कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ इथे उपयोगाची नाही.

पेंटॅक्सचा के माउंट १९७५ चा. त्याआधी पेंटॅक्स आट्याची एम-४२ लेन्स वापरत असे. दोन्हींमध्ये लेन्सची कडी आणि फिल्म यांच्यातलं अंतर एकच ठेवलेलं असल्यामुळे एका पातळ रिंगवर जुनी आट्याची लेन्स के माउंटवर चढते आणि दूरचा डोंगरही नीट फोकस होतो. झेनिटसारख्या रशियन कॅमेऱ्यांसोबत आलेली हेलिओस ५८ मिमी एफ २ ही याच आट्याची. कमी पैशांत वेगळ्या स्वभावाची लेन्स हवी असेल तर हा रस्ता फार चांगला आहे.

कॅननची गोष्ट उलटी. एफडी माउंट १९७१ मध्ये आला आणि १९८७ मध्ये ईओएस आणताना कंपनीने तो सोडून दिला. एफडी लेन्स कॅननच्याच डिजिटल एसएलआरवर धड बसत नाहीत. बराच काळ त्या मातीमोल भावाने मिळायच्या. मिररलेस कॅमेरे आल्यावर अडॅप्टरवर त्या पुन्हा चालू लागल्या आणि भाव चढले. लेन्स म्हणून त्या उत्तम आहेत, यात शंका नाही.

आता बॉडीकडे वळू. इथे एक विभागणी समजून घ्यायलाच हवी. काही कॅमेऱ्यांचं शटर स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालतं. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला. पेंटॅक्स के-१००० (१९७६ ते १९९७), निकॉन एफएम (१९७७), एफएम-२ (१९८२), एफएम-१० (१९९५), ऑलिंपस ओएम-१, यशिका एफएक्स-३ हे सगळे या जातीचे. दुसऱ्या बाजूला कॅनन एई-१ (१९७६) आणि मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) यांचं शटर विजेवर चालतं. बॅटरी संपली की कॅमेरा मुका. दोन्ही कॅमेरे दिसायला देखणे, वापरायला सोपे. पण आतला सर्किटचा भाग गेला की नवा मिळत नाही, दुसरा बंद पडलेला कॅमेरा फोडून काढावा लागतो. एक्स-७०० चे कपॅसिटर जातात हे जगभर माहीत आहे. यांत्रिक कॅमेरा मात्र साफ करून, तेल देऊन, स्प्रिंगचा ताण जुळवून पुन्हा उभा राहतो. नवशिक्याला मी म्हणूनच नेहमी यांत्रिक बॉडीच सुचवतो.

त्यातही के-१००० आणि एफएम-१० हे दोन माझ्या पसंतीचे. के-१००० मध्ये सेल्फ टायमरसुद्धा नाही. शटर, अ‍ॅपर्चर, फोकस आणि मीटरची सुई, बस्स. त्याच्या मीटरला स्वतंत्र बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सवर झाकण लावायचं, नाहीतर बॅटरी उतरत राहते. प्रिझमवर ‘असाही’ असं नाव असलेल्या सुरुवातीच्या बॉडी जपानी बनावटीच्या आणि धातूच्या. एफएम-१० निकॉनसाठी कोसिना कंपनीने बनवला. बाहेरून प्लास्टिक, वजनाला हलका, १/२००० पर्यंत वेग. निकॉनने २००६ मध्ये रोलचे जवळजवळ सगळे कॅमेरे बंद केले तेव्हा एफ-६ आणि एफएम-१० हे दोनच ठेवले, त्यामुळे बाजारात एफएम-१० चे तुलनेने तरुण नग सापडतात. एफएम-२ या दोघांपेक्षा भक्कम, पण त्याच्या नावाचे पैसे मोजावे लागतात. तेवढ्या पैशांत साधी बॉडी घेऊन उरलेली रक्कम सर्व्हिसिंग आणि रोलसाठी ठेवावी.

बॅटरीचाही हिशेब करा. के-१००० आणि एफएम-१० या दोन्ही कॅमेऱ्यांना लागणारा एलआर-४४ सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. ओएम-१ किंवा मिनोल्टा एसआरटी-१०१ साठी मात्र १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता आणि तो आता बनत नाही. त्याच्या जागी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल चालतो. मेडिकलमध्ये मिळतो, काही महिने टिकतो.

नवी मुंबईकरांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र हवा. पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकची रांग, आणि जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतीही ओल धरतात. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लेन्सच्या काचांवर बुरशी वाढते. दुकानात सगळे तिला फंगसच म्हणतात. टॉर्च मारली की काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. सुरुवातीला ती पुसून निघते; जुनी झाली की तिच्यातलं आम्ल काचेवरचा लेप खातं आणि तो डाग कायमचा. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच वर्षी ती सफाईसाठी उघडावी लागेल, आणि सफाईचा खर्च लेन्सची किंमत गाठतो.

जुन्या कॅमेऱ्यासोबत येणारी तपकिरी चामड्याची केस सुंदर दिसते, पण चामडं ओलावा धरून ठेवतं. केस वेगळी ठेवा आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेल घालून. आत एक छोटा आर्द्रतामापक टाकला की काम सोपं होतं. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. त्यासाठी नारिंगी दाणे घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. पावसाळाभर डबा बंद करून विसरून जाणं मात्र धोक्याचं. ऊन पडेल त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढा, चार वेळा शटर वाजवा, लेन्सला उजेड दाखवा.

दुकानात बघताना मागचं झाकण उघडा आणि एक सेकंदापासून १/१००० पर्यंत प्रत्येक वेगावर शटर दाबा. मंद वेगांचा आवाज अडखळत येत असेल तर आत तेल वाळलं आहे. पडदा कापडी असेल, जसा के-१००० चा असतो, तर उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं शोधा. एफएमचा पडदा धातूचा आणि वर-खाली चालणारा. त्याच्यावर तेलाचे ओघळ नसावेत. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तरी घाबरू नका, तो थोडक्यात बदलून मिळतो. बॅटरीच्या कप्प्यात हिरवं चढलेलं असेल तर मात्र भाव पाडून मागा. लेन्सच्या पात्यांना तेल लागलं आहे का तेही पाहा. आणि विकणाऱ्याला विचारा: हा मीच पुन्हा आणला तर तुम्ही उघडाल का? पार्ट आहेत का? या उत्तरावर मी बॉडीच्या रंगरूपापेक्षा जास्त विसंबतो.

लेन्स किती घ्यायच्या? सुरुवातीला ५० मिमी एकच. दुसरी कुठली, ते तुम्ही कुठे फिरता यावर ठरतं. सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी एकेका अंगणाभोवती सात-सात घरं रचली. ती गल्ली-अंगणं टिपायला २८ मिमी हवी. करावे, सीवूड्सच्या पाणथळीवर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. तिथे २०० मिमी एफ ४ घेऊन एकटा पक्षी गाठण्यापेक्षा थवा, पाणी आणि मागच्या इमारती एका चौकटीत धराव्यात. हाताने फोकस करताना तेच साधतं. वाशीच्या एपीएमसीत पहाटेच्या उजेडाला ५० मिमी एफ १.८ आणि ४०० आयएसओचा रोल पुरेसा.

चालू खर्च कमी नाही. ३६ चा रंगीत रोल, धुणं आणि स्कॅन मिळून आजच्या भावाने दीड हजारांच्या आसपास जातात. म्हणजे एका क्लिकला चाळीसेक रुपये. कृष्णधवल रोल घरी धुतला तर बरीच बचत होते. फक्त आपल्या नळाचं पाणी बऱ्याचदा तीस अंशांच्या जवळ असतं आणि डेव्हलपरची वेळ साधारणपणे वीस अंशांसाठी दिलेली असते. बादलीत बर्फ टाकून बाटल्या थंड करा. गरम पाण्यात वेळ कमी करून भागवायला गेलात तर धुणं असमान होतं.

कॅमेरा घरी आल्यावर पहिला रोल चाचणीचा समजा. मीटरवर भरवसा नसेल तर भर दुपारच्या उन्हात २०० च्या रोलला १/२५० आणि एफ १६ ठेवा. एकाच भिंतीचे सगळ्या वेगांवर फोटो घ्या, पारसिकच्या कड्यावर फोकस करून एक घ्या, हातभर अंतरावरची वस्तू अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एक घ्या, आणि प्रत्येक क्लिकची नोंद वहीत ठेवा. रोल धुऊन आला की स्कॅन बघून थांबू नका, निगेटिव्ह मागून घ्या. चौकटींमधलं अंतर कमी-जास्त असेल तर रोल ओढणारी यंत्रणा सैल आहे. चौकटीबाहेर सांडलेला काळा पट्टा असेल तर दारातून उजेड शिरतो आहे. १/१००० च्या चौकटीत एक बाजू फिकट पडली असेल तर दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. ती निगेटिव्हची पट्टी आणि वही घेऊन दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलात की कॅमेऱ्याचा कुठला भाग उघडायचा, हे त्याला तिथेच कळतं.