कार्यालयाचे नूतनीकरण आणि सुगम्य स्वच्छतागृह : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार्यालयाच्या नूतनीकरणात स्वागतकक्ष, बैठकीची दालने आणि वातानुकूलन यांची आखणी आधी होते आणि स्वच्छतागृह उरलेल्या जागेत बसवले जाते. दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल अशा, म्हणजेच सुगम्य, स्वच्छतागृहाचा विचार तर त्याहीनंतर आणि बहुधा कागदोपत्री पूर्ततेपुरता होतो. यामागे प्रत्येक वेळी अनास्थाच असते असे नाही. मालक, वास्तुरचनाकार आणि कंत्राटदार या तिघांतही रुजलेले काही गैरसमज त्याला अधिक कारणीभूत असतात.

त्यांपैकी पहिला असा की, ही सक्ती केवळ सरकारी इमारतींना लागू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात सरकारी इमारतींबरोबर खासगी इमारतींचाही समावेश असून कामाचे ठिकाण आणि व्यापारी वापर यांचा तिच्यात स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखलाही देता येत नाही.

इमारत जुनी आहे, केवळ आतील काम चालले आहे आणि त्याला नव्याने परवानगी लागत नाही, तेव्हा सुगम्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही, हा दुसरा समज. कलम ४५ हे नेमके विद्यमान सार्वजनिक इमारतींविषयी आहे. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करण्याचे बंधन त्यात घातलेले असून, राज्यांच्या सज्जतेनुसार मुदतवाढीची सोय असली तरी, १५ जून २०१७ च्या नियमांपासून मोजलेली पाच वर्षे २०२२ मध्येच उलटली आहेत.

तिसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे आणि तो जाणकारांतही आढळतो. राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. त्यावरून मानकेच रद्द झाली, असा सोयीस्कर अर्थ काढला जातो. न्यायालयाचा रोख नेमका उलट दिशेला होता. अधिनियमाला बंधनकारक नियम अपेक्षित असताना या नियमाने केवळ शिफारशींच्या स्वरूपाच्या मार्गदर्शक सूचनांवर भिस्त ठेवली, हा त्यातील दोष होता. म्हणून किमान अनिवार्य बाबी वेगळ्या काढून तीन महिन्यांत तसे नियम करण्याचा, तसेच पालन न झाल्यास पूर्णत्वाचा दाखला रोखणे आणि दंड करणे यांसारखी कारवाई करण्याचा आदेश देण्यात आला. अधिनियमातील कलमे जशीच्या तशी उभी आहेत, आणि कलम ८९ मधील दंड पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, तर त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत आहे.

मापांविषयीचा गैरसमज मात्र सर्वांत महागात पडतो. अनेक स्थानिक बांधकाम नियमावल्यांत सुगम्य शौचकूपाचे किमान माप १.५ मीटर × १.७५ मीटर असे पूर्वापार चालत आले आहे आणि तेवढे दिले की काम झाले, असे मानले जाते. या खोलीत आखूड भिंतीला कमोड बसवला, तर तो सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर पुढे येतो आणि त्याच्यासमोर जेमतेम एक मीटरभर जागा उरते. पाय ठेवण्याच्या पट्ट्यांसह व्हीलचेअरची लांबी त्याहून अधिक असू शकते. खुर्ची कशीबशी आत शिरली, तरी वळत नाही आणि बसलेल्या व्यक्तीला मागे वळून दार ओढून घेता येत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत व्हीलचेअर वळवण्यासाठी १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा आणि खुर्चीवरून बाजूने कमोडवर सरकता यावे म्हणून कमोडच्या एका अंगाला सुमारे ९० सेंटिमीटर रिकामी जागा अपेक्षित आहे. नियमावलीतील किमान माप हे परवानगीचे माप आहे, वापराचे नव्हे.

शेवटी आधारदांड्या बसवल्या की कोणतेही स्वच्छतागृह सुगम्य होते, हाही तसाच भ्रम. टॉवेल अडकवायची नळी ही आधारदांडी नव्हे, आणि नूतनीकरणात सर्रास उभारल्या जाणाऱ्या जिप्सम बोर्डच्या भिंतीत केवळ स्क्रूने बसवलेली मजबूत दांडीही माणसाच्या वजनाने उखडून येते. भिंत बंद करण्यापूर्वीच तिच्या आत जाड प्लायवुडचा किंवा लोखंडी चौकटीचा आधार द्यावा लागतो. फरशीच्या पातळीचेही तसेच आहे. नळजोडणीसाठी मुद्दाम खोलगट ठेवलेल्या भागाबाहेर, म्हणजे सनकन स्लॅब सोडून, स्वच्छतागृह हलवले की सांडपाण्याचे पाइप झाकण्यासाठी फरशी उचलली जाते. ती १५ सेंटिमीटर उचलली, तर १:१२ या मान्य उताराने १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो आणि तेवढी जागा आराखड्यात क्वचितच ठेवलेली असते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून गवंडी घालतात तो उंबराही व्हीलचेअरला अडतो. त्याऐवजी आतल्या बाजूला हलका उतार आणि दाराशी जाळीची निचरा-पट्टी पुरेशी ठरते. तात्पर्य, हे सारे प्लंबिंगच्या नकाशावर ठरते आणि फरशी बसल्यावर ते दुरुस्त करणे म्हणजे केलेले काम फोडणे होय.

‘आमच्याकडे व्हीलचेअर वापरणारे कोणी नाही’ हा युक्तिवाद तपासण्याजोगा आहे, कारण वापरता येईल असे स्वच्छतागृह नसलेल्या कार्यालयात तशी व्यक्ती आठ तास थांबूच शकत नाही. शिवाय अधिनियमाने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे आणि २०११ च्या जनगणनेतील २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींपैकी हालचालींशी निगडित दिव्यांगत्व असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. त्यामुळे भिंतीपासून उठून दिसणाऱ्या रंगाची दांडी, ब्रेलमधील फलक किंवा मूठ न आवळता कोपराने उघडणारा नळ हीदेखील सुगम्यताच. ही सोय केवळ पुरुषांच्या स्वच्छतागृहात करण्याची चूकही वारंवार घडते. स्वतंत्र दाराचे, स्त्री-पुरुष दोघांनाही वापरता येणारे शौचकूप असल्यास पतीला पत्नीची किंवा मुलीला वडिलांची मदत करता येते.

उरतो तो दैनंदिन वापराचा प्रश्न. फिनाईलचे कॅन, बादल्या आणि पुसण्या ठेवण्यासाठी जी खोली हमखास निवडली जाते ती हीच, आणि तिची किल्ली सुरक्षारक्षकाकडे असते. कंत्राटदाराचे अंतिम देयक चुकते करण्यापूर्वी मालकाने एक व्हीलचेअर मागवून दार ९० सेंटिमीटर मोकळे उघडते का, ते आत न उघडता बाहेर उघडते का, आत खुर्ची पूर्ण वळते का आणि खाली पडलेल्या माणसाचा हात मदतीच्या घंटीच्या दोरीपर्यंत पोहोचतो का, एवढे तपासावे. आणि त्या तपासणीला, शक्य असल्यास, रोज व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीलाच बोलवावे.