‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ते ब्रेझा: एसयूव्हीने गाड्यांचा बाजार कसा फिरवला?

ईदच्या आदल्या रात्री पळस्पे फाट्यावर उभं राहून पाहा. पनवेलहून महाड, म्हसळा, चिपळूणकडे गावी निघालेल्या गाड्यांत उंच बांध्याच्याच जास्त दिसतील. देशात २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के याच प्रकारातली होती.

आपल्याकडे ही गोष्ट जीपपासून सुरू होते आणि तिच्या मुळाशी एक मुस्लिम भागीदार आहे. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातले मोहम्मद गेले. ‘एम अँड एम’ तेवढं राहिलं.

जीप म्हणजे तेव्हा पोलीस आणि सरकारी साहेब. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली (सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून) आणि अख्खं कुटुंब, वर लग्नाचं सामान, एकाच गाडीत मावू लागलं. २००२ मध्ये नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ आली. तोवर गरजेची असलेली गाडी आता हौसेची झाली.

अमेरिकेतही असंच झालं, पण तिथे कायद्याने हात दिला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ मध्ये मायलेजचा कायदा झाला. त्यात हलक्या ट्रकना कारपेक्षा सूट होती. कंपन्यांनी पिकअपच्या चेसिसवर कुटुंबाची गाडी बसवली. १९९० मध्ये फोर्डची एक्सप्लोरर आली आणि धडाक्यात खपली. त्याच फोर्डने २०१८ मध्ये अमेरिकेत साध्या सेडान बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे हेच काम चार मीटरच्या पट्टीने केलं. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. मग इकोस्पोर्ट, ब्रेझा, नेक्सॉन याच मापात शिवल्या गेल्या. खरं बोलायचं तर या एसयूव्ही कमी, उंच केलेल्या कारच जास्त. ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, ओढ पुढच्या चाकांना. माझ्यासारख्या गाडीवेड्याला हे खटकतं. पण खड्ड्यांच्या गोवा हायवेवर पोट घासत नाही, हेही खरंच.

सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे घेताना आधी माणसं मोजा. घरात चौघेच असतील तर चार मीटरच्या आतली पुरे. अम्मी-अब्बा, मुलं मिळून सात जण गावी जाणार असाल, तर शोरूममध्ये सगळ्यांना घेऊन जा आणि तिसऱ्या रांगेत घरातल्या सर्वांत उंच माणसाला बसवून बघा. सगळ्या सीट भरल्यावर मागे बॅगांना किती जागा उरते, तेही तिथेच कळेल.